समुद्राचे पंचांग आणि आमची मे महिन्याची सुट्टी

देवगड–निपाणी नावाचा एक रस्ता आहे. सरकारी दप्तरात त्याला काही क्रमांक असेल. आमच्या भागात त्याला क्रमांकाने कोणी ओळखत नाही. एका टोकाला बंदर, दुसऱ्या टोकाला तंबाखूची पेठ आणि मध्ये फोंड्याचा घाट व राधानगरीचे रान. या रस्त्याने पूर्वी गूळ-तंबाखू खाली उतरे आणि मासळी वर चढे. मासळी आजही चढते. भल्या पहाटे बर्फाचे पाणी ठिबकवीत टेंपो गावात शिरतो आणि त्याच्या मागोमाग गावातली सगळी मांजरे जागी होतात.

अलीकडे मात्र या रस्त्यावर आणखी एक वाहतूक सुरू झाली आहे. शनिवारची शाळा-कचेरी आटोपली, की निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कोल्हापूर येथून मोटारी निघतात. मागच्या बाजूस लांबट पिशव्यांत काठ्या, डब्यांत रिळे, दोरे आणि रंगीबेरंगी खोटे मासे. ही मंडळी समुद्रावर गरवायला चाललेली असतात. कोणी खडकावर उभे राहून गळ टाकतात. ज्यांचा खिसा जड ते होडी भाड्याने घेऊन दहा-पंधरा मैल आत जातात. सुरमई, कुपा, कोकर, तांबोशी, गोबरा ही त्यांची दैवते. पकडलेला मासा छातीशी धरून काढलेले छायाचित्र हा त्यांचा प्रसाद.

मी या लोकांची टवाळी करायला बसलेलो नाही, कारण मी त्यांच्यातलाच एक आहे. निपाणीत तीस वर्षे शाळामास्तरकी केली आणि त्यातली पंचवीस वर्षे हा नाद केला. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे त्यातला पहिला आरोपी मीच, असे वाचकांनी खुशाल समजावे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आम्ही घाटावरची हौशी माणसे समुद्रावर जातो ती आपल्या सुट्टीच्या पंचांगाने. समुद्राचे पंचांग निराळे आहे, आणि ते आम्ही कधी उघडून पाहिलेले नाही. म्हणून ज्या दिवसांत जावे त्या दिवसांत आम्ही घरी असतो, आणि ज्या दिवसांत जाऊ नये नेमके तेव्हा तेथे हजर असतो. यात आमचे नुकसान आहे ते आहेच. पण समुद्राचे आणि समुद्रावर पोट भरणाऱ्यांचे नुकसान त्याहून मोठे आहे. पोटासाठी मासे धरणाऱ्याला सरकारने वर्षातून दोन महिने थांबायला लावले आहे. हौसेसाठी धरणाऱ्याने मात्र कोणाच्या सांगण्यावाचून थांबले पाहिजे.

आमच्या मुलखाची एक गंमत आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच. पण सरळ रेषेत समुद्र शंभर किलोमीटरांच्या आत. तरी आमच्या साऱ्या नद्या समुद्राकडे पाठ फिरवून वाहतात. वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा सह्याद्रीत उगम पावतात, आणि जवळचा अरबी समुद्र सोडून कृष्णेच्या हाताला धरून थेट बंगालच्या उपसागराला जातात. आम्ही माणसेही काहीशी तशीच. समुद्राची मासळी आमच्या ताटात वर्षानुवर्षे आहे, पण समुद्राची चाल आमच्या अंगात नाही. शेतकऱ्याच्या पोराला मृग, आर्द्रा, पुष्य, हस्त पाठ असतात. कोणत्या नक्षत्रात काय पेरावे हे त्याला शिकवावे लागत नाही. पण सुरमई कोणत्या महिन्यात कोठे असते असे विचारले, तर तो बाजाराकडे बोट दाखवील.

मला हे पंचांग शिकविले मालवण तालुक्यातल्या एका तांडेलाने. त्याचे नाव मी येथे देत नाही. त्याला ते आवडणार नाही. मी त्याला मामा म्हणत असे आणि तो मला मास्तर. पहिल्याच भेटीत त्याने मला भरतीचे गणित घातले. तिथीला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे, की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. ठिकाणाप्रमाणे थोडे इकडेतिकडे होते, पण घड्याळ नसलेल्या माणसाला एवढे पुरे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाला पाणी धावते, भांगाला रेंगाळते. पाणी वळण्याच्या आगेमागे मासा चरायला निघतो. मी आयुष्यभर मुलांना पाऊणकीचा पाढा शिकवला. त्याचा असा उपयोग असतो हे मला त्या दिवशी कळले.

भरती-ओहोटी हे झाले रोजचे घड्याळ. वर्षाची चाल याहून मोठी आहे, आणि खरे महत्त्व तिला आहे.

ती नारळी पौर्णिमेपासून सुरू होते. आपण समजतो की नारळ वाहिला, की समुद्र शांत झाला. होड्या पाण्यात ढकलल्या जातात हे खरे; पण गळाच्या दृष्टीने त्या दिवसांत काही राम नसतो. खाड्यांतून आलेल्या गढूळ पाण्याने किनाऱ्याचा रंग चहासारखा झालेला असतो, आणि शिकारी मासा नजरेने शिकार करतो. त्याला गढूळ पाण्यात तुमचा रंगीत खोटा मासा दिसणार कसा? त्यातच भाद्रपद-आश्विनात एक न दिसणारी गोष्ट पाण्याखाली घडत असते. पावसाळी वाऱ्यांनी किनाऱ्याजवळचे वरचे पाणी लोटले जाते आणि त्याच्या जागी खोल समुद्रातले थंड पाणी वर चढते. हे केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याला अधिक, गोव्याच्या उत्तरेस कमी होत जाते. हे पाणी खताने भरलेले असते, पण त्यात प्राणवायू फार थोडा असतो. १९६६ साली स्थापन झालेल्या, गोव्यातील दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या प्राणवायूच्या टंचाईचा पुष्कळ अभ्यास केला आहे. तळाशी राहणाऱ्या माशांना त्या दिवसांत तेथे गुदमरते. ते जागा बदलतात. मामाने समुद्रविज्ञान वाचलेले नव्हते. पण त्या महिन्यांत गोबऱ्याच्या खडकावर तो मला कधीही नेत नसे. “आता थंय कोण घरात नाय,” एवढेच म्हणे.

आश्विन सरता सरता ऑक्टोबरचे ऊन पडते, वरचे पाणी पुन्हा तापते, गाळ खाली बसतो. आणि मग दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत समुद्र आपले खरे रूप दाखवितो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. तो होडीला आत जायला मदत करतो आणि लाटांचे डोके चेपून ठेवतो. पाणी निवळशंख, ना फार ऊन, ना फार गार. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या घरात. बांगड्यांचे आणि पेडव्यांचे थवे वरच्या थरात येतात आणि त्यांच्या मागावर सुरमई व कुपा. दहा-अकरापर्यंत वारा पडतो आणि दुपारी खारा वारा उलट बाजूने सुटतो. तोच होडीला घरी आणतो. म्हणजे जायला एक वारा आणि यायला दुसरा, अशी निसर्गानेच व्यवस्था केलेली. शिडाच्या होड्यांचा सारा संसार याच दोन वाऱ्यांवर चालत असे.

थंडीतला समुद्रही भाबडा समजू नये. नोव्हेंबर २००९मध्ये आलेल्या फयान वादळाने कोकणातल्या कित्येक दर्यावर्दी घरांचे दिवे विझविले. डिसेंबर २०१७मध्ये ओखी वादळाच्या वेळी केरळ-तमिळनाडूकडच्या अनेक नौका भरकटत देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. परंतु या दिवसांत वादळ हा अपवाद असतो. हैदराबादची महासागर माहिती सेवा संस्था लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज रोज देते. तो पाहून निघणाऱ्याला हे चार महिने म्हणजे पर्वणी आहे.

होळी झाली, की चित्र पालटते. दुपारचा वारा वायव्येकडून जोर धरतो आणि रोज थोडा थोडा लवकर सुटतो. चैत्र-वैशाखात वरचे पाणी तीस अंशांच्या वर जाते. मे महिना अर्धा सरला, की आकाशात एक ढग नसतानाही लांबलचक, गुळगुळीत, जड लाटा येऊ लागतात. त्या दूर दक्षिणेकडच्या समुद्रात उठलेल्या असतात. मामा त्यांच्याकडे पाहून होडी किनाऱ्यावर ओढायची भाषा सुरू करी. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेले, ते याच पंधरवड्यात. नौका फुटल्या, घरांची छपरे उडाली, आंब्याची झाडे आडवी झाली.

आणि आम्ही घाटावरचे लोक समुद्रावर केव्हा जातो? मे महिन्यात! कारण तेव्हा शाळेला सुट्टी असते. मी मास्तर असल्यामुळे मला तर दुसरा मार्गच नव्हता असे मी स्वतःला सांगत असे. वास्तविक दिवाळीचीही सुट्टी असे. पण दिवाळीत पाहुणे, फराळ, किल्ले. समुद्र म्हणजे मे महिना, हे आमच्या डोक्यात लहानपणापासून बसलेले. पाणी सर्वांत तापलेले, वारा सर्वांत चिडलेला, मासा सर्वांत अवघडलेला, आणि किनारा सर्वांत गजबजलेला, असा हा महिना आम्ही निवडतो.

मासा अवघडलेला, असे मी म्हटले ते शब्दाचा खेळ म्हणून नव्हे. त्याची एक हकीकत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय माझे म्हणणे पुरे होणार नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. आम्ही चौघे मामाच्या होडीतून गेलो होतो. मामा यायला फारसा राजी नव्हता; मी भीड घातली. सकाळी आठाच्या सुमारास माझ्या गळाला सुरमई लागली. रीळ किंचाळले, काठी वाकली, पाऊण तास झुंज झाली. मासा होडीत आला तेव्हा माझे हात थरथरत होते. अकरा किलो भरला. पंचवीस वर्षांतला माझा सर्वांत मोठा मासा. छायाचित्रे झाली, आरडाओरडा झाला. किनाऱ्यावर आल्यावर मामाच्या आईने तो चिरायला घेतला. पोट फाडताच आतून मनगटाएवढ्या जाड दोन गाभोळ्या बाहेर आल्या. म्हातारीने सुरी खाली ठेवली. आम्हां चौघांकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाली,

“बाबांनू, आमी पोटासाटी धरतंव. तुमी कित्याक धरतास?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी तीस वर्षे वर्गात प्रश्न विचारीत आलो. या प्रश्नाला मात्र मला उत्तर सुचले नाही. कोणी तरी हसून विषय बदलला. गाभोळी तळून आमच्याच ताटात आली, आणि ती आम्ही खाल्ली. चव उत्तम होती. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या क्षणी मला उपरती वगैरे झाली असे दाखविणे खोटेपणाचे होईल. उपरती झाली ती फार उशिरा, आणि ती समुद्रावर नव्हे, तर यमगर्णीच्या पुलाजवळ वेदगंगेच्या काठी.

आमच्या लहानपणी मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, की सारे गाव रात्री कंदील नि बुट्ट्या घेऊन ओढ्यावर धावे. चढणीचे मासे! नदीला नवे पाणी येते, ओढे वाहू लागतात आणि अंडी टाकायला मासे प्रवाहाच्या उलट ओढ्यात, ओढ्यातून शेतात चढतात. गुडघाभर पाण्यात ते हाताने सापडत. मरळ, वाम, शिंगाळा. बुट्ट्या भरून येत. प्रत्येकाच्या पोटात अंडी. त्या रात्रींचा आनंद मी विसरलेलो नाही. पण आज मी नातवाला घेऊन त्याच ओढ्यावर गेलो, तर दाखवायला काय आहे? वाळूचा उपसा, कारखान्यांचे पाणी, बंधारे ही कारणे आहेतच, आणि ती मोठी आहेत. तरी त्या बुट्ट्यांचाही वाटा त्यात आहे. ज्या रात्री नदी पुढच्या वर्षाची तजवीज करीत होती, त्याच रात्री आम्ही तिच्या कोठारात शिरलो. बियाण्याचे पोते फोडून खाणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय म्हणतो?

ओढ्याजवळ उभा असताना मला म्हातारीचा प्रश्न आठवला, आणि माझ्या ध्यानात आले की मे महिन्यातली माझी सुरमई म्हणजे समुद्रातला चढणीचाच मासा होता.

पावसाळ्यात खोल पाणी वर येऊन समुद्राला खत मिळते हे वर सांगितले. त्या खतावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांच्यावर सूक्ष्म जीव, आणि त्यांच्यावर माशांची पिले. आपल्या किनाऱ्यावरचे तारली-बांगड्यासारखे पुष्कळ मासे या सुगीचा नेम धरूनच अंडी घालतात. मृगापूर्वी रान नांगरून ठेवणाऱ्या शेतकऱ्यासारखीच ही तयारी. म्हणूनच पावसाळी मासेमारी बंदीला अर्थ आहे. गोव्याचा सागरी मासेमारीचा कायदा १९८०चा, महाराष्ट्राचा १९८१चा, कर्नाटकाचा १९८६चा. पूर्वी बंदीच्या तारखा राज्याराज्यांत वेगळ्या असत. महाराष्ट्रात १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट यांपैकी जो दिवस आधी येईल तोपर्यंत बंदी असे. २०१५ साली केंद्र सरकारने ४७ दिवसांची मुदत ६१ दिवसांवर नेली, आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा काळ ठरला.

सीमाभागातल्या माणसाला या एकसारख्या तारखांचे महत्त्व अधिक कळावे. आंबोलीने उतरलो तर वेंगुर्ले-मालवण, चोर्ल्याने उतरलो तर गोवा, खानापूर-रामनगरवरून गेलो तर कारवार. तीन राज्यांचे तीन समुद्र आमच्या अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहेत. जमिनीवर आमच्या रेघांचे भांडण दोन पिढ्या चालले आहे. पण सुरमई कारवारला जन्मते की देवगडला, हे तिला ठाऊक नाही. निदान तिच्या बाबतीत तरी राज्यांनी एक तारीख मानली, ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु ही बंदी आहे ती यांत्रिक नौकांना. खडकावर काठी घेऊन उभा राहिलेला हौशी माणूस तिच्या कक्षेत येतच नाही. कायद्याच्या जाळ्याची आसे मोठी आहेत; त्यातून आम्ही अलगद निसटतो. आणि मे महिन्याचा उत्तरार्ध तर बंदीच्याही अलीकडचा. म्हणजे मामाची नौका शाकारून ठेवलेली, घरात दोन महिने आवक नाही, आणि त्याच्याच दारासमोरच्या खडकावर बेळगाव-निपाणीची पाच-दहा माणसे हसत-खिदळत मासे ओढताहेत, असे दृश्य आषाढातही दिसते. त्यात खडकावरून लाटेने माणूस ओढला गेला, की त्याला शोधायला खवळलेल्या समुद्रात होडी घालायची कोणी? त्याच मच्छीमाराने!

यावर माझे सोबती जे आक्षेप घेतात ते मला ठाऊक आहेत. कारण ते मी स्वतःच वर्षानुवर्षे घेत आलो.

पहिला आक्षेप असा, की आमच्या एका गळाने असे काय संपते? मोठमोठे ट्रॉलर, पर्ससीनची जाळी, रात्री प्रखर दिवे लावून केलेली मासेमारी. त्यांच्यापुढे आमची काठी म्हणजे दर्यामें खसखस. हे म्हणणे अर्धे खरे आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, २०१७ साली केंद्राने दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली, आणि तरी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार आजही थांबलेली नाही. त्या लुटीविरुद्ध बोललेच पाहिजे. पण बोलायचा अधिकार कोणाला? ज्याचे हात स्वच्छ आहेत त्याला. शिवाय गळाची एक खोड आहे. जाळे लहानमोठे सगळे गोळा करते. हौशी गळ मात्र मोठाच मासा हुडकतो, कारण छायाचित्र मोठ्याचे निघते. आता वर्गातले एक गणित करू. माशाची लांबी दुप्पट झाली, की वजन सुमारे आठपट होते. आणि मादीच्या पोटातली अंडी साधारण वजनाच्या हिशेबाने, कधी त्याहूनही जास्त वाढतात. म्हणजे एक मोठी मादी मारणे हे आठ लहान माद्या मारण्यासारखे आहे. सुरमईच्या पोटात अंडी लाखांनी असतात. सरकारनेही २०२३ साली चौपन्न जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून लहान मासे धरण्याला आळा घातला, तो पिलांना वाढू द्यावे म्हणून. पण वाढून काय उपयोग, जर वाढलेल्याच माद्या नेमक्या अंडी घालण्याच्या वेळी आमच्या गळाला लागणार असतील?

दुसरा आक्षेप नव्या विचारांच्या तरुणांचा. आम्ही मासा मारीत नाही, धरतो आणि सोडून देतो, असे ते म्हणतात. या तरुणांविषयी मला आदर आहे. आमच्या पिढीला हे सुचलेसुद्धा नव्हते. पण सोडलेला मासा जगतोच असे नाही. वैशाखातल्या तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. पाऊण तास झुंजून दमलेल्या माशाला त्यात दम परत मिळविणे कठीण जाते. तांबोशी-गोबऱ्यासारखा खोल खडकातला मासा झपाट्याने वर ओढला, की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. त्याला सोडले तरी तो उताणा तरंगत राहतो आणि घारींचे भक्ष्य होतो. मार्गशीर्ष-पौषातल्या निवळ पाण्यात, वरच्या थरातला मासा लवकर सोडला, तर तो जगण्याचा संभव पुष्कळ जास्त. म्हणजे सोडून देण्याचे पुण्यही ऋतूवर अवलंबून आहे.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो मामाच्या मुलाने घेतला. “मास्तर, मे महिन्यात तुम्ही येऊ नका म्हणता; मग आमच्या होडीचे भाडे कोण देणार? आम्हाला वर्षाची कमाई त्याच महिन्यात होते.” याला उपदेशाने उत्तर देता येत नाही, पैशानेच द्यावे लागते. माझे उत्तर असे, की आपण जेवढे भाडे मे महिन्यात देतो तेवढेच नोव्हेंबर ते फेब्रुवारीत द्यावे, आणि हंगामाच्या आधी, श्रावणातच, आगाऊ काही रक्कम पाठवावी. बंदीच्या दोन महिन्यांत घरात काही नसते तेव्हा तिचा खरा उपयोग. मे महिन्यात मुलाबाळांना घेऊन अवश्य जावे. सिंधुदुर्ग किल्ला पाहावा, होडीतून फिरावे, वडे-सागुती खावी, भाडे द्यावे. फक्त काठी घरी ठेवावी. मालवणच्या किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटरांचे; तेथे पाण्यात डोकावून मासा पाहणे हेही एक सुख आहे, आणि ते मला साठीनंतर कळले.

मी सरकारकडे नवा कायदा मागत नाही. हौशी माणसाचा कायदा त्याने स्वतः करावा, नाही तर त्या हौसेत आणि चोरीत फारसा फरक उरत नाही. आमच्या घरात श्रावणात मासळी शिजत नाही. आई म्हणायची, “महिनाभर जिभेला सवय लागते, मग काही वाटत नाही.” घाटावरच्या कितीतरी घरांत हा नेम आहे. हा नेम ताटाचा झाला. तसाच गळाचाही नेम असावा, आणि तो श्रावणाच्या पुष्कळ आधी, वैशाख सरता सरता सुरू व्हावा. पंधरा मेला काठ्या भिंतीवर टांगाव्यात, त्या नारळी पौर्णिमेपर्यंत उतरवू नयेत. समुद्रावर नाही आणि ओढ्यावरही नाही. दिवाळीनंतर जावे, पहाटेच्या मतलईबरोबर जावे, वारा फिरण्याआधी परतावे. पोट फुगलेली मादी दिसली तर ती कितीही मोठी असो, छायाचित्राला न थांबता पाण्यात सोडावी.

मी गेली आठ वर्षे हा नेम पाळतो आहे. पहिल्या वर्षी फार जड गेले. मे महिन्यात सोबत्यांची मोटार दारासमोरून गेली तेव्हा मी खिडकी लावून घेतली. नंतर तेही सवयीचे झाले. आता आमच्या चौघांपैकी दोघे माझ्याबरोबर आहेत. तिसरा अजून हसतो.

मामाची आई पाच वर्षांपूर्वी गेली. तिच्या प्रश्नाचे उत्तर तिला द्यायचे राहून गेले. आज ती असती तर मी म्हटले असते, की आम्ही हौसेसाठी धरतो, म्हणूनच थांबणे आम्हाला सोपे आहे. तुम्हाला थांबावे लागते, आणि आम्ही थांबू शकतो. तिने त्यावर काय म्हटले असते, कोण जाणे. बहुधा काहीच नाही. सुरी उचलून पुन्हा आपल्या कामाला लागली असती.

परवाच पहाटे देवगडहून टेंपो आला. पाटीत दोन चांगल्या थोरल्या सुरमया होत्या. मी भाव विचारला, आणि सवयीने पोटावर बोट दाबून पाहिले. विकणारी बाई म्हणाली, “गाभोळी नाही हो मास्तर, थंडीचे दिवस आहेत.” मी एक घेतली.